वडिलांना एएलएसचे निदान झाले आहे. पुढच्या देखभालीचे नियोजन आत्ताच करावे का?

तुम्ही लिहिले आहे की वडील अजून हिंडतात-फिरतात, स्वतःच्या हाताने जेवतात, फक्त त्यांचे बोलणे जड होऊ लागले आहे. आणि नळी, यंत्र, व्हेंटिलेटर असे विषय आत्ता काढले तर त्यांचे मन खचेल, अशी घरातल्यांना भीती वाटते. माझ्या थोरल्या भावाला हाच आजार होता आणि त्याची देखभाल शेवटपर्यंत वहिनीने व मी केली. त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगेन की नियोजन आत्ताच करावे आणि त्यातला प्रत्येक निर्णय वडिलांना स्वतःला घेऊ द्यावा.

घाईचे कारण आजाराच्या स्वरूपात आहे. एएलएसमध्ये स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात, त्यामुळे हात, पाय, जीभ, घसा आणि पुढे श्वासाचे स्नायू दुबळे होतात. स्पर्श, दृष्टी आणि श्रवण मात्र शाबूत राहतात आणि डोळ्यांची हालचालही बहुधा उशिरापर्यंत टिकते. लक्षणे दिसू लागल्यापासून बहुतेक रुग्णांना साधारण २ ते ५ वर्षे मिळतात. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या २१व्या वर्षी निदान झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले, हे खरे आहे. पण अशी उदाहरणे विरळ असतात आणि ज्यांचा आजार बोलण्यापासून सुरू होतो त्यांच्यात तो सहसा अधिक वेगाने वाढतो. रिलुझोल हे औषध जरूर घ्यावे, मात्र चाचण्यांमध्ये त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनीच वाढलेले दिसले होते. म्हणूनच रोजचे जगणे कसे असेल हे बरेचसे वेळेवर केलेल्या तजविजीवर ठरते.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी सुरुवात बोलण्यापासूनच करेन. आवाज स्पष्ट असताना त्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवले, तर पुढे टाइप केलेला मजकूर त्यांच्याच आवाजाशी मिळत्याजुळत्या आवाजात वाचून दाखवणारी व्यवस्था करता येते. त्याशिवाय ते घरच्यांना ज्या लाडक्या नावांनी हाक मारतात, ज्या शब्दांत रागावतात, ते सगळे जसेच्या तसे टिपून ठेवा. अक्षरांचा तक्ता आणि डोळ्यांच्या हालचालींवर चालणारे उपकरण यांची सवयही गरज पडण्याआधी करावी, कारण थकलेल्या माणसाला त्या वेळी नवे काही शिकणे फार जड जाते. ‘हो’ आणि ‘नाही’साठी एकेक खूण आजच ठरवा आणि ती घरातल्या सर्वांना माहीत असू द्या.

श्वासाची क्षमता साधारण दर तीन महिन्यांनी मोजून घ्यावी. सकाळी डोके दुखणे, दिवसा झोप येणे, रात्री वारंवार जाग येणे, आडवे झाल्यावर धाप लागणे ही श्वासाचे स्नायू थकत असल्याची लक्षणे असू शकतात, आणि ती घरच्यांच्या लक्षात डॉक्टरांच्याही आधी येतात. अशा वेळी रात्री मास्क लावून वापरायचे, श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणारे बायपॅप यंत्र झोप सुधारते आणि अनेकांचे आयुष्यही वाढवते. नुसता ऑक्सिजन लावून हे काम होत नाही. उलट शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून त्रास वाढू शकतो, म्हणून तो आपल्या मनाने कधीही सुरू करू नये.

अन्न देण्यासाठी पोटात बसवायच्या नळीचेही असेच आहे. श्वासाची क्षमता अपेक्षित प्रमाणाच्या निम्म्याखाली जाण्याआधी ती बसवणे अधिक सुरक्षित मानले जाते, म्हणजे तोंडाने जेवता येत असतानाच निर्णय घ्यावा लागतो. नळी बसवल्यावर गिळता येते तोवर चवीपुरते तोंडाने खाता येते, हे वडिलांना आवर्जून सांगा. नळी बसली की तोंडाने खाणे बंद, केवळ या एका गैरसमजापायी पुष्कळ जण नकार देतात. व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, खाली-वर होणारा पलंग या वस्तू मात्र गरज पडेल तशा घेता येतील.

सर्वांत कठीण प्रश्न गळ्यात छिद्र करून व्हेंटिलेटर लावण्याचा आहे. त्याने आयुष्य वाढते, पण आजार पुढे सरकतच राहतो आणि दिवसरात्र कोणीतरी शेजारी असावे लागते. आधी काही ठरले नसेल तर हा निर्णय मध्यरात्री, अतिदक्षता विभागाच्या दारात, घाबरलेल्या नातेवाइकांना घ्यावा लागतो. ‘तुम्हाला व्हेंटिलेटर हवा का?’ असे एकदम विचारण्याऐवजी, कोणत्या गोष्टी करता येत असतील तोवर जगणे त्याला आपले वाटेल, हे आम्ही भावाला विचारले. त्याने सांगितले की माणसे ओळखू येत असतील आणि आपले म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचत असेल, तोवर. त्यावरून पुढचे बरेच काही ठरवता आले. यंत्र लावलेच तर ते कोणत्या परिस्थितीत थांबवायचे, हेही तेव्हाच बोलून घ्या आणि तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे लेखी करा. या आजारात जवळपास निम्म्या रुग्णांच्या विचारशक्तीत किंवा वागण्यात कमी-अधिक बदल होतात, हे संभाषण लवकर करण्याचे तेही एक कारण आहे.

वडिलांना गुदमरून जाण्याची भीती वाटत असेल. ती बहुतेकांना वाटते आणि सहसा मनातच राहते. योग्य उपशामक उपचार (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार) मिळालेल्या बहुतेक रुग्णांचा शेवट शांतपणे होतो आणि धाप कमी करण्यासाठी मॉर्फिनच्या लहान मात्रांचा चांगला उपयोग होतो, हे त्यांना डॉक्टरांकडून ऐकू द्या. उपशामक उपचार करणाऱ्यांची ओळख निदानानंतर लगेच करून घेतलेली बरी. भावाशी हे बोलणे झाल्यावर तो खचला नाही. आता उगाच कुजबुजू नका, असे त्याने आम्हाला बजावले आणि घरातला ताण खरोखरच उतरला.

देखभाल करणाऱ्यांच्या रात्रीच्या पाळ्याही आत्ताच वाटून घ्या, सगळे आईवर टाकू नका. पुढच्या तपासणीला जाताना श्वासाच्या चाचणीची आणि वाचा-उपचारतज्ज्ञांच्या भेटीची वेळ मागून घ्या; बोलणे जड झालेच आहे, तेव्हा या दोन गोष्टी पहिल्या.