फोटो गेले कुठे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजसारखी चालणारी 'फेडोरा सिल्व्हरब्लू' ही लिनक्स प्रणाली टाकून दिली. जतन केलेली वेबपाने फायरफॉक्समध्ये उघडली की मजकूर येतो, चित्रे येत नाहीत. नवा मराठी फॉन्ट सिस्टिमच्या फॉन्ट फोल्डरात टाकायला गेलो तर 'रीड-ओन्ली' म्हणून नकार. माझे काय चुकते? — एक वाचक, सांगली

उत्तर : सर, तुमचे काहीच चुकत नाही. फोटोंपासून सुरू करतो. भाच्याने तुम्हाला 'फ्लॅटहब' या लिनक्स ॲप्सच्या ऑनलाइन भांडारातला फायरफॉक्स ब्राउझर दिलेला दिसतो, बहुधा व्हिडिओ नीट चालावेत म्हणून. तिथली ॲप्स 'फ्लॅटपॅक' या पद्धतीने बांधलेली, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळी ठेवलेली असतात. म्हणून तो जणू बंद खोलीत चालतो. तुमच्या फोल्डरांपैकी त्याला फक्त डाउनलोड्स मोकळा आहे. बाकी कुठलीही फाइल तुम्ही 'फाइल उघडा'च्या खिडकीतून निवडून दिली, की 'पोर्टल' नावाची यंत्रणा तेवढी एकच फाइल आत सरकवते. वेबपान आत गेले, शेजारच्या फोल्डरातली चित्रे बाहेरच राहिली. मला राग येतो तो इथे. परवानगी नाही असे ब्राउझर सांगतच नाही, मोकळ्या चौकटी दाखवून गप्प बसतो आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. सुरक्षेबद्दल माझी तक्रार नाही, या मुकेपणाबद्दल आहे.

उपाय सोपा आहे. ती पाने डाउनलोड्समध्ये हलवा. ते नको असेल तर 'फ्लॅटसील' हे परवानग्या बदलायचे ॲप घ्या, डावीकडे फायरफॉक्स निवडा आणि 'फाइलसिस्टिम'खाली तुमच्या एका फोल्डराचा पत्ता द्या. सगळ्या फाइलींचे बटण मात्र चालू करू नका. मग ती खोली बंद ठेवण्यात अर्थ काय? (फ्लॅटहबवरची बरीच ॲप्स तशी मोकळीक आधीपासूनच घेऊन येतात, हे भाच्याला जरूर ऐकवा.) शिवाय सिल्व्हरब्लूबरोबर मूळचा एक फायरफॉक्स येतो. भाच्याने काढला नसेल तर तो खोलीबाहेर चालतो आणि तुमची पाने चित्रांसकट उघडतो.

फॉन्टचे वेगळे आहे. सिल्व्हरब्लूत सिस्टिमचा गाभा वापरकर्त्याने बदलायचा नसतो. अपडेट आले की नवी प्रत जुनीच्या शेजारी तयार होते, मशीन पुन्हा सुरू केल्यावर लागू होते; बिघडले तर मशीन सुरू होताना येणाऱ्या यादीतून जुनी निवडायची. तुमच्या वयाला आणि माझ्याही, हा फार मोठा दिलासा आहे.

तेव्हा फॉन्ट स्वतःच्या घरात ठेवा. होम फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाबा, लपलेले फोल्डर दिसतील. 'डॉट लोकल' (.local), त्यात 'शेअर' (share), त्यात 'फॉन्ट्स' (fonts). शेवटचा नसेल तर इंग्रजी लहान अक्षरांत नाव देऊन तयार करा. फॉन्टची फाइल तिथे टाका आणि ॲप बंद करून पुन्हा उघडा. हा फोल्डर फ्लॅटपॅकच्या ॲप्सनाही दिसतो. नवा फॉन्ट अजून ठरला नसेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' बघा. मुक्त परवान्याचा आहे आणि जोडाक्षरे छान वाचता येतात.