बॅबकॉकचा तारा: वाचकांचे प्रश्न

सरठ तारकासमूहातल्या एचडी 215441, म्हणजेच बॅबकॉकच्या ताऱ्यावर आलेल्या पत्रांतले तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत. रूपविकारी (तेज बदलणारा) तारा म्हणून त्याचे नाव जीएल लॅसर्टी.

प्रश्न: नऊ रात्री डीएसएलआरने या ताऱ्याचे फोटो काढले. आलेखावर नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. काय चुकते आहे?

उत्तर: तारा साधारण 8.8 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद), आणि बदल फार तर एक-दोन दशांश प्रतीचा. मोजमापातली चूक 0.02 प्रतीच्या आसपास आणली नाही, तर बदल त्या चुकीतच बुडतो.

पहिला संशय फोकसवर. नेमक्या फोकसमध्ये ताऱ्याचा सगळा प्रकाश चार-सहा पिक्सेलांत कोंबला जातो. सेन्सरवर लाल, हिरवे, निळे फिल्टर आळीपाळीने असतात, त्यामुळे तारा कोणत्या पिक्सेलवर बसला यावर हिरव्याचा आकडा हलतो. फोकस मुद्दाम थोडा सोडा, चकती 8-10 पिक्सेल रुंद होऊ द्या. ट्रॅकिंग माउंटवर, आयएसओ 400 ला, 20-30 सेकंदांचे 20 रॉ फोटो घ्या. फक्त हिरवा चॅनल मोजा आणि सरासरी काढा. 14 बिटच्या कॅमेऱ्यात सर्वांत उजळ पिक्सेल 10,000 च्या खाली राहू द्या. फ्लॅट फ्रेमचा (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोचा) कंटाळा करू नका. लेन्स कडेला कमी प्रकाश देते; तारा एके रात्री मधोमध आणि दुसऱ्या रात्री कोपऱ्यात असेल, तर तेवढ्यानेच 0.1 प्रतीचा फरक पडू शकतो.

तुलनेला जवळचे, साधारण तेवढ्याच तेजाचे दोन निळसर-पांढरे तारे घ्या. त्या दोघांतला फरक रोज तोच आला पाहिजे. नाही आला तर त्या रात्रीचे मोजमाप सोडून द्या. साडेतीन अंशांवर, वायव्येला असलेला डेल्टा सेफी जागा शोधायला उत्तम, तुलनेला मात्र बाद: तो स्वतःच 5.37 दिवसांत 3.5 ते 4.4 प्रतीमध्ये झुलतो.

तेजबदलाचा आवर्तकाल 9.4876 दिवस. पहिल्या मोजमापापासून उलटलेले दिवस (तासांसकट) या आकड्याने भागा, पूर्णांक सोडा आणि उरलेला अपूर्णांक आडव्या अक्षावर मांडा. नऊ रात्रींत एक फेरीही पुरी होत नाही. दोन फेऱ्या मात्र 18.975 दिवसांच्या, म्हणून ढगांनी बुडवलेली रात्र 19 दिवसांनी त्याच वेळी भरून काढता येते. पडताळणीची याहून सोपी युक्ती नाही: 19 दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे जुळले, तर तुमची पद्धत बसली.

प्रश्न: मिलिमीटरला 100 रेषांची जाळी (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी काच) लावून ताऱ्याचा वर्णपट घेतला. चुंबकीय क्षेत्रामुळे फाटलेल्या रेषा का दिसल्या नाहीत?

उत्तर: त्या जाळीतून दिसणारही नाहीत. होरेस बॅबकॉक यांनी 1960 साली या ताऱ्यावर 34,000 गाउसचे (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र नोंदवले. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते एका गाउसहून कमी असते. एवढे असूनही 500 नॅनोमीटरजवळच्या लोखंडाच्या किंवा क्रोमियमच्या रेषेचे बाहेरचे दोन घटक एकमेकांपासून जेमतेम 0.12 नॅनोमीटर दूर जातात. तुमची जाळी काही नॅनोमीटरच वेगळे करते, म्हणून तिच्यातून फक्त हायड्रोजनच्या रुंद रेषा दिसतात.

फाट पाहायला 10,000 च्या पुढची विभेदनक्षमता (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची ताकद) असलेला, फटीचा वर्णपटलेखक हवा. लहान दुर्बिणीवर 20-30 मिनिटांचे अनेक एक्स्पोजर जोडावे लागतील. मुळात ही फाट दिसते ती तारा संथ फिरतो म्हणून. हाच तारा आपल्या दृष्टिरेषेत सेकंदाला 100 किलोमीटर वेगाने फिरत असता, तर रेषा पसरट होऊन सगळे एकमेकांत मिसळले असते.

प्रश्न: वर्णपटात एवढे सिलिकॉन दिसते, तर हा तारा सिलिकॉनचा आहे का?

उत्तर: नाही. हा सगळा वरच्या पातळ थराचा मामला. आत तो इतर ताऱ्यांसारखाच, मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा. संथ फिरणे आणि प्रबळ क्षेत्र यांमुळे वरचे वायू ढवळले जात नाहीत. अशा शांत थरात हेलियम खाली बसतो आणि ज्या अणूंच्या भरपूर शोषणरेषा आहेत त्यांना प्रकाशाचा दाब वर ढकलतो. ही उपपत्ती जॉर्ज मिशो यांनी 1970 मध्ये मांडली. क्षेत्राचा अक्ष फिरण्याच्या अक्षाशी तिरका असल्याने ही मूलद्रव्ये ठिगळांसारखी साठतात. सिलिकॉनचे ठिगळ अतिनील प्रकाश अडवते, ती ऊर्जा दृश्य प्रकाशात बाहेर पडते, आणि ठिगळ आपल्याकडे वळले की तारा थोडा उजळतो. पहिल्या प्रश्नातला दशांश प्रतीचा बदल मुख्यतः यातूनच येतो.