बेकिंगसोबत हॉट किचनही शिकू का?

प्रश्न: ताई, बेकिंगचा कोर्स करतेय, पण हॉट किचनही, म्हणजे गॅसवरचा गरम स्वयंपाकही, शिकावंसं वाटतं. घरचे म्हणतात एकात पक्की हो, काय करू?

उत्तर: अगं, शिक की बिनधास्त! बेकिंगमुळे ग्रॅमवर मोजायची शिस्त लागते आणि हॉट किचनमध्ये चव घेत घेत सुधारायची, जी केक एकदा ओव्हनमध्ये गेल्यावर जमतच नाही. ब्रेडचं कवच काय न् तव्यावरचं मांस काय, दोन्ही साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने खमंग तपकिरी होतात, म्हणून मांस आधी पुसून कोरडं करायचं, ओलं राहिलं तर पाणी आटेपर्यंत ते १०० च्या आसपासच अडकतं. हे कळलं ना की दोन्हीकडे हात सुधारतो. फक्त दोन्ही एकदम नको, आधी हा कोर्स पूर्ण कर.