निवृत्तीनंतर मैत्रिणींसोबत गोधडी शिवायच्या निवासी शिबिराला जाण्यात खरंच मजा येते का?

ताई, तुम्ही विचारलंय की नुकतीच निवृत्त झाले, जुन्या मैत्रिणी चार दिवसांच्या शिबिराला ओढतायत, शिवण बेताचंच येतं, तर जाऊ का आणि नेऊ काय?

जा. बेताचं शिवण पुरतं. पण निघण्याआधी एक ठरवून घ्या: शिवणीची माया, म्हणजे टाक्यापासून कापडाच्या काठापर्यंतचं अंतर, कोण मोजणार.

हसू नका. माझी सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डवर गेली. नकाशे काढायचे, ट्रेसिंग करायचं. रेघ अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकली तरी मला झोप यायची नाही. अशा बाईला पहिल्याच शिबिरात चौघींसमोर ऐकावं लागलं, "तुझ्या हाताला माप नाही." बोलणारी आमच्यातलीच, जन्मभर मुख्याध्यापिका होती. निवृत्तीनंतरही ती शाळा सुटली नाहीच.

झालं असं. पाचजणींनी मिळून एक गोधडी करायची ठरलं. प्रत्येकीने सहा ब्लॉक करायचे. एका ब्लॉकला साडेतीन इंचांचे सोळा चौकोन, आडवे चार, उभे चार. माया पाव इंच, म्हणजे दोन सूत, की ब्लॉक बरोबर साडेबारा इंचांचा होतो. शिबिराच्या मशिनी सगळ्या एकाच मेकच्या. चौघींनी प्रेसर फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाच्या, काठाला कापडाचा काठ भिडवला आणि सुटल्या. आता साध्या फूटचा काठ सुईपासून बहुतेक वेळा पाव इंचाहून लांबच असतो. त्या मशिनींवर तो अडीच सूत होता. मी आल्या आल्या पट्टी लावून मोजलं, सुईपासून दोन सुतांवर मशीनला चिकटपट्टी लावली आणि तिच्या कडेने शिवलं.

तिसऱ्या संध्याकाळी ब्लॉक जमिनीवर मांडले. चोवीस एकसारखे आणि माझे सहा तीन सूत मोठे! प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं मिळून एक सूत जास्त खाल्लं, शिवणी तीन, हिशेब सरळ आहे. मी तो तोंडी करून दाखवला. पण चार विरुद्ध एक. बाईंनी निकाल दिला, "तुझे छाट." वाद वाढला तेव्हा एकीने समजूत घालायला म्हणून सांगितलं की अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड वस्तीतल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून वेड्यावाकड्या रेघांच्या गोधड्या केल्या आणि २००२ मध्ये त्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. त्यावर मी आणि मुख्याध्यापिकाबाई एका सुरात म्हणालो, "ते वेगळं!" त्या चार दिवसांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

मी छाटले. कडेचे चौकोन बारीक झाले ते आजही दिसतात.

तरी मजा आली का? आली. शेवटच्या दिवशी तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी टाचून सगळ्या एकाच गोधडीभोवती बसलो आणि मधून कडेकडे धावदोरा घालत गेलो. मशीनवर बसलेली बाई बोलत नाही. हातशिलाईला बसलं की माना खाली, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, मग तीस वर्षं न बोललेलं बाहेर येतं. मुख्याध्यापिकाबाई त्या दुपारी नवऱ्याच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा बोलल्या. मी त्यांचं अंगुस्तान वापरत होते, माझं घरी राहिलं होतं.

तर नेण्याचं. स्वतःचा दिवा, अंगुस्तान, उसवणी, बूड दुखणार नाही अशी उशी. मशीन तिथे असेल तर ओझं करू नका. कापड पाण्यातून काढून न्या, सुती कापड आटतं. आणि पोचल्याबरोबर दीड-दीड इंचाच्या तीन पट्ट्या शेजारीशेजारी शिवून इस्त्री करा. मधली बरोबर एक इंच भरली तर माया ठीक. आमची सात सूत भरली असती. हे सगळ्यांसमोर करा, तिसऱ्या संध्याकाळी नव्हे.

आता हेही सांगायला हवं की माझ्या सहांपैकी दोन ब्लॉक खरोखर तिरके होते. मी इस्त्री घासत होते, त्याने कापड उरेबात, म्हणजे तिरकं, ओढलं जातं. इस्त्री ठेवायची, उचलायची. हे त्या मुख्याध्यापिकेनेच सांगितलं होतं. सगळ्यांची माया सारखी असली की झालं, हे तिचं म्हणणंही साध्या चौकोनांपुरतं चालतं. चांदणीच्या ब्लॉकला शिवणी जास्त, तो साध्या ब्लॉकशेजारी लावला की चालत नाही.

गोधडी आमच्याकडे वर्षावर्षाने फिरते. माझी पाळी आली तेव्हा पट्टी ठेवून मुख्याध्यापिकाबाईंच्या एका चौकोनाचा फोटो ग्रुपवर टाकला: तीन इंचांना एक सूत कमी. बाकी तिघींनी हसरे चेहरे पाठवले. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं, "ऊब येते ना?"

येते. पण मी ते विचारलं नव्हतं.