स्कोर १९ होता, मग टाच काळी कशी पडली?

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजी तुमच्या रिहॅबला आल्या, तू पहिल्याच दिवशी ब्रेडन स्कोर काढलास, म्हणजे पडून पडून दाबाने होणाऱ्या जखमेचा, बेडसोअरचा, धोका मोजायचे मार्क, १९ आला, म्हणजे कागदावर रिस्क नाही, आणि तिसऱ्या दिवशी टाचेवर जांभळट काळा डाग. आता त्यांची लेक तुझ्यावर ओरडतेय आणि तू मला विचारतेस, स्कोर चुकला की मी चुकले.

स्कोर राहू दे बाजूला. टाच बघितली होतीस का? मोजा काढून, पांघरूण बाजूला करून? एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये ते कुठेच नाही, आणि मी तिथेच अडकलेय.

ब्रेडनबद्दल मला आदरच आहे, १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी तो छापला, आपल्याच नर्सिंगच्या पेशातल्या बायका. संवेदना, ओल, हिंडणंफिरणं, अंग हलवणं, खाणं, घासणं, अशा सहा गोष्टी, आणि १८ किंवा खाली आला की सावध व्हायचं. पण त्यात शुगरला रकाना नाही, पायाच्या रक्तपुरवठ्याला नाही, मधे बीपी पडलं होतं का त्याला नाही, आणि ऑपरेशनची वाट बघत आजी कुठल्या कडक ट्रॉलीवर किती वेळ एकाच कुशीवर पडून होत्या त्याला तर नाहीच. खुबा मोडलेला माणूस तो पाय दुखतो म्हणून हलवतच नाही गं, बाकी अंग हलतंय म्हणून तू मार्क देतेस आणि टाच तशीच गादीवर रुतून. शिवाय आत खोलवर झालेली इजा कातडीवर दिसायला ४८ ते ७२ तास लागतात, म्हणजे हा डाग तुमच्याकडे येण्याआधीचाही असू शकतो. पण रोज उघडून बघून लिहिलेलं असतं तर आज हे तुला सांगता आलं असतं. आता कोण ऐकणार?

मला सगळे खडूस म्हणायचे, माहितीये तुला. पेशंट आला की चहापाणी नंतर, आधी कुशीवर वळवून माकडहाड, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू, ऑक्सिजनची नळी कानावर टेकते ती जागा, सगळं लेकासुनेसमोर उघडून बघायचे आणि तिथेच लिहायचे. एका ठिकाणी मला सांगितलं होतं की आल्यावेळची जखम लिहू नका, पेशंट पाठवणारे डॉक्टर नाराज होतात. मी लिहिलं. मग सलग नाइट लावल्या. लावू देत! अजूनही मला वाटतं मी बरोबरच होते, उलट तेव्हा आवाज अजून चढवायला हवा होता.

आणि बघ म्हणजे नुसतं डोळ्यांनी नाही. पुस्तकात लाल डाग लिहिलेला असतो, आपल्या सावळ्या कातडीवर तो दिसतच नाही कित्येकदा. हाताची मागची बाजू लावून बघ, शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, गार आहे का, कडक की पिलपिलीत. दाबल्यावर दुखतं का विचार.

टाचेखाली ग्लोव्हजमध्ये पाणी भरून ठेवलंय म्हणालीस, ते आजच काढ. हवेची रिंगही नको, कडेला दाब पडून मधलं रक्त अडतं. पोटरीखाली लांब उशी घाल, गुडघा किंचित वाकलेला, टाच अधांतरी. त्या मावशी स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळतात ना, त्यांना प्रेमाने थांबव, लाल जागा चोळायची नसते आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. टीव्ही बघायला आजींना ताठ बसवता, मग त्या घसरतात, मग दोघं मिळून काखेत धरून वर ओढता, त्यात कातडी जागेवर आणि हाड पुढे, आतल्या आत फाटतं सगळं. डोकं शक्यतो ३० अंशांपर्यंतच वर, जेवताना बसवलंच तर आधी गुडघ्याची बाजू उचल. एअर बेड आणलाय म्हणून कूस बदलणं बंद करू नका, आणि एअर बेड असला तरी काय, उघडून बघायचंच.

खाण्याचं तू एका ओळीत उरकलंस, ‘डाएट चालू आहे’. काय चालू आहे? वरणाचं पाणी आणि चहा-बिस्किट? जखम भरायला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, ५० किलोच्या बाईला रोज साधारण ६३ ते ७५ ग्रॅम. किडनीचं काही असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढव.

लेकीशी भांडू नकोस, तिला पलंगाशी बोलव आणि तिच्यासमोरच दुसरी टाच उघड. आजींचा फोटो मला पाठवू नकोस, फाइलला लाव, शेजारी मोजपट्टी ठेवून. काळी खपली कोरडी आणि घट्ट असेल, कडेला लाली, सूज, पू नसेल तर ती कुणालाही सोलू देऊ नकोस, ड्रेसिंगवाल्या मामांनाही नाही. पायाची नाडी लागते का तेवढं राउंडला डॉक्टरांकडून तपासून घे आणि मला कळव.