खिडक्या तीन, चेंडू एकच

प्रश्न : मी कोपरखैरणे येथील एका शाळेत संगणक हा विषय शिकवते. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी एक गमतीदार प्रोग्राम तयार केला आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर ब्राउझरच्या तीन स्वतंत्र खिडक्या उघडायच्या. एकीत चेंडू उड्या मारत असतो आणि कडेला पोचला की शेजारच्या खिडकीत शिरतो. खिडकी माउसने ओढून दुसरीकडे नेली, तरी चेंडू तिला बरोबर शोधून काढतो. यासाठी मुलांनी ब्राउझरमधील ब्रॉडकास्टचॅनेल ही सोय वापरली आहे. परंतु कधी चेंडू नाहीसा होतो, कधी एकाचे दोन होतात, खिडकी बदलताना तो मध्येच भलतीकडे उडी घेतो, आणि खिडकी मिनिमाइझ केली तर आतच अडकून बसतो. शिवाय एका सहकाऱ्यांनी विचारले, की हा तर खेळ झाला, यात शिकण्यासारखे काय आहे?
– एक शिक्षिका, कोपरखैरणे

उत्तर : सहकाऱ्यांच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण उरलेल्या अडचणींची किल्ली त्याच्या उत्तरात आहे. आपल्या प्रोग्राममधील चेंडू एका खिडकीतून दुसरीत कधीच जात नाही. पहिली खिडकी चेंडूचे वर्णन, म्हणजे तो कुठे आहे, किती वेगाने कोणत्या दिशेने चालला आहे आणि त्याचा रंग कोणता, एवढा मजकूर संदेशात लिहून पाठवते व स्वतःकडील चित्र पुसते. दुसरी खिडकी तो संदेश वाचून स्वतःच्या पृष्ठभागावर नवे चित्र काढते. या खिडक्या एकमेकींच्या स्मृतीत डोकावू शकत नाहीत, आणि पाठवलेल्या संदेशाचीही प्रत होऊनच तो पलीकडे पोचतो. स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामांमध्ये निरोपाची देवाणघेवाण कशी होते, हा मल्टिटास्किंगचा, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे चालवण्याच्या पद्धतीचा, गाभा आहे आणि एरवी तो डोळ्यांना कधी दिसत नाही. मुलांनी तो पडद्यावर उघडा करून दाखवला, याचे मला फार मोल वाटते.

आता नाहीशा होणाऱ्या चेंडूकडे वळू. ब्रॉडकास्टचॅनेलवर टाकलेला संदेश त्याच वाहिनीला जोडलेल्या बाकी सर्व खिडक्यांना ऐकू येतो. आपल्या वर्णनावरून असे दिसते, की चेंडू कडेबाहेर गेला की खिडकी पडद्यावरील त्याची जागा जाहीर करते आणि ज्या खिडकीच्या क्षेत्रात ती जागा येते ती चेंडू उचलते. असे असेल तर दोन खिडक्यांमध्ये मोकळी फट असताना त्या जागेवर कोणाचाच हक्क लागत नाही आणि चेंडू हरवतो. उलट खिडक्या एकमेकींवर चढलेल्या असतील तर दोघीही ती जागा आपलीच समजतात आणि चेंडू दोन होतात. मी माझ्या लॅपटॉपवर असाच छोटा प्रोग्राम लिहून खिडक्या मुद्दाम दोन्ही प्रकारे मांडल्या, तेव्हा हेच घडले. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. चेंडू सध्या कोणाच्या मालकीचा, हे कोणीही ठरवत नाही.

येथे मुलांना खो-खोची आठवण करून द्यावी. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू रांगेत बसलेले असतात आणि नववा धावत असतो. कोणाला उठवायचे हे धावणाराच ठरवतो. तो त्या एकाच्या मागे जाऊन खो देतो, आणि खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचे नसते. चेंडूच्या बाबतीत हीच शिस्त पाळावी. चेंडू ज्या खिडकीकडे आहे तिने तो कडेपासून सहा-सात फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक काढली जाणारी तेवढी चित्रे, दूर असतानाच सर्वांना विचारावे, की या जागी येणारा चेंडू कोण घेऊ शकेल. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या नावानिशी होकार पाठवावा. विचारणाऱ्या खिडकीने पहिला होकार स्वीकारून त्या एकाच नावाने खो द्यावा, व बाकीच्यांनी तो ऐकला तरी जागचे हलू नये. साधारण 100 मिलिसेकंदांत कोणाचाच होकार आला नाही, तर चेंडू कडेवर आपटून आतच परतवावा. सेकंदाला 60 चित्रे काढणाऱ्या पडद्यावर एवढा काळ म्हणजे सहा चित्रांचा अवधी, म्हणूनच वर सहा-सात फ्रेम म्हटले.

खो दिल्या क्षणीच समोरची खिडकी कोणी बंद केली, तर मात्र चेंडू अजूनही हरवेल. त्यावर वेब लॉक्स ही ब्राउझरमधील सोय उपयोगी पडते. ठरावीक नावाचे कुलूप एका वेळी एकाच खिडकीला मिळते, बाकीच्या रांगेत थांबतात, आणि कुलूप बाळगणारी खिडकी बंद होताच ते आपोआप पुढच्या खिडकीकडे जाते. ज्या खिडकीकडे कुलूप असेल तिने पंचाचे काम करावे आणि अधूनमधून चौकशी करून चेंडू कोणाकडेच नसेल तर नवा चेंडू मैदानात सोडावा. मुलांना हे नंतर शिकवले तरी चालेल.

भलतीकडे उडी घेण्याचे कारण बहुधा घड्याळ आहे. परफॉर्मन्स.नाऊ ही आज्ञा जी वेळ सांगते, ती ते पान उघडल्यापासून मोजलेली असते. पहिली खिडकी दहा मिनिटांपूर्वी आणि दुसरी आत्ताच उघडली असेल, तर दोघींच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असणार, आणि त्या फरकाने वेगाला गुणले की चेंडू कुठल्या कुठे जातो. संदेशात ही वेळ पाठवत असल्यास तिच्यात परफॉर्मन्स.टाइमओरिजिन मिळवून पाठवावी, म्हणजे आरंभबिंदू सर्वांचा एकच होईल. उडी केवळ उभ्या दिशेने व थोडीशीच असेल, तर खिडकीच्या माथ्यावरील पत्त्याच्या पट्टीची उंची हिशेबात धरायची राहिली आहे काय, ते पाहावे.

मिनिमाइझ केलेल्या खिडकीत ब्राउझर वीज वाचवण्यासाठी चित्रे काढणे थांबवतो आणि टायमरही सेकंदाला फार तर एकदा चालू देतो. क्रोममध्ये पाच मिनिटांनंतर हे प्रमाण मिनिटाला एकदा इतके खाली येऊ शकते. संदेश मात्र तिला मिळत राहतात. म्हणून दडलेल्या खिडकीने होकार देऊच नये, आणि दडण्याची सूचना, म्हणजे व्हिजिबिलिटीचेंज हा इव्हेंट, मिळताच जवळचा चेंडू दुसरीला देऊन टाकावा.

प्रश्न : नव्वदीच्या दशकात मी कार्यालयात विंडोज 3.1 वापरत असे. एक प्रोग्राम अडला की सगळा संगणक अडत असे. तरीही एक्सेलमधील आकडा बदलला, की वर्डमधल्या पत्रातही तो आपोआप बदलत असे. हे कसे होत होते?
– एक निवृत्त वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : त्या काळी विंडोजवरील प्रोग्रामांनी आपण होऊन दुसऱ्यांना संधी द्यायची, अशी सहकारी पद्धत होती. एखाद्याने प्रोसेसर सोडलाच नाही, तर बाकीचे खोळंबत. 24 ऑगस्ट 1995 रोजी आलेल्या विंडोज 95 मध्ये 32 बिटांच्या प्रोग्रामांसाठी ही व्यवस्था बदलली आणि वेळ संपली की प्रोसेसर काढून घेण्याचा अधिकार प्रणालीकडे आला.

आकडे बदलण्यामागे बहुधा डीडीई (डायनॅमिक डेटा एक्स्चेंज) ही 1987 पासून विंडोजमध्ये असलेली पद्धत होती. तिची रचना वरच्या उत्तरातील खो-खोशी जुळणारी आहे, हे पाहून आपल्याला आनंद होईल. माहिती हवी असलेला प्रोग्राम प्रथम सर्व खिडक्यांना हाक देई, की अमुक प्रोग्रामची अमुक फाइल कोणाकडे आहे. जिच्याकडे असेल ती पोच देई, आणि तेथून पुढचे संभाषण त्या दोघांपुरतेच चाले. ‘हा आकडा बदलला की मला कळवत जा’ अशी विनंती एकदा नोंदवली, की पत्र अद्ययावत राही. मात्र ती पहिली हाक अशा प्रकारे दिली जाई, की ऐकणाऱ्या प्रत्येक खिडकीचे काम उरकेपर्यंत हाक देणारा थांबून राही. एखादी खिडकी ढिम्म बसली असेल, तर हाक देणाराही तिच्याबरोबर अडकत असे.

प्रश्न : खिडक्यांमधला असाच खेळ लॅपटॉप आणि मोबाइल यांच्यामध्ये खेळता येईल का?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : ब्रॉडकास्टचॅनेलवर येणार नाही, कारण ती वाहिनी एकाच उपकरणावरील, एकाच ब्राउझरमधील आणि एकाच संकेतस्थळाच्या पानांपुरती असते. लॅपटॉपवर छोटा सर्व्हर चालवून वेबसॉकेटने, म्हणजे ब्राउझर व सर्व्हर यांच्यात संदेशांसाठी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीने, दोन्ही उपकरणे त्याला जोडावीत. दोन्ही एकाच वायफायवर असली की पुरे. खो देण्याची रीत तीच ठेवा, परंतु होकाराची वाट पाहण्याचा अवधी वाढवा. आणखी एक बदल आवश्यक आहे. दोन उपकरणांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे संदेशात वेळ पाठवून उपयोग नाही. केवळ जागा आणि वेग पाठवा, आणि संदेश हाती आला त्या क्षणापासून चेंडूची नवी धाव मोजा.