आरोग्य प्रश्नोत्तरे : अहवालातले 14 टक्के कुठून आले?

प्रश्न : माझे वय 58 आहे. गेल्या दोन्ही तपासण्यांत रक्तदाबाचा वरचा आकडा 156 आणि खालचा 84 आला. त्रास कसलाच नाही. ‘शंभर अधिक वय’ इतका दाब चालतो, असे आमच्या घरात पूर्वापार सांगितले जाते. अहवालावर मात्र ‘फ्रॅमिंगहॅम पद्धतीनुसार दहा वर्षांतील धोका 14 टक्के’ असे छापले आहे. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावावरून काढलेला हिशेब मला का लागू व्हावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : ‘शंभर अधिक वय’ हा ठोकताळा मोडीत निघण्यात याच गावाचा मोठा वाटा आहे, म्हणून आधी गावाविषयी लिहितो. फ्रॅमिंगहॅम हे मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला आहे. 1948 साली तेथे सरकारी खर्चाने एक अभ्यास सुरू झाला आणि तिशी ते साठीच्या दरम्यानचे 5,209 स्त्री-पुरुष त्यात सहभागी झाले. त्या काळी उच्च रक्तदाबाविषयी वैद्यकाची समजूत किती तोकडी होती, हे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या उदाहरणावरून दिसते. मार्च 1944 मध्ये त्यांचा दाब 186/108 होता; 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव झाला, त्या दुपारी तो 300/190 मोजला गेला. देशातल्या सर्वांत मोठ्या पदावरच्या माणसाला देता येईल असे प्रभावी औषध तेव्हा डॉक्टरांच्या हाती नव्हते.

या अभ्यासाचे खरे मोल त्याच्या क्रमात आहे. आजारी पडलेल्या माणसाला ‘तुम्ही पूर्वी काय खात होता, किती सिगारेटी ओढत होता’ असे विचारले तर उत्तर आठवणीवर अवलंबून राहते, शिवाय पहिल्याच झटक्यात जो दगावला त्याला विचारताच येत नाही. फ्रॅमिंगहॅममध्ये हृदयविकार जडण्यापूर्वीच माणसे तपासली गेली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलावून रक्तदाब, वजन, रक्तातील कोलेस्टेरॉल, हृदयाचा आलेख आणि सवयी यांची नोंद केली गेली, आणि पुढे कोणाला काय झाले ते जुन्या नोंदींशी ताडून पाहिले गेले. असे काम चिकाटीचे असते आणि पहिली काही वर्षे हाती फारसे लागत नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तर सरकारी पैसा आटून ते बंद पडण्याच्या बेतात होते. ते टिकले, 1971 मध्ये पहिल्या पिढीची मुले व त्यांचे जोडीदार आणि 2002 मध्ये नातवंडांची पिढी त्यात आली.

1961 मध्ये डॉ. विल्यम कॅनेल, डॉ. थॉमस डॉबर आणि सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा वाढलेला रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी संबंध स्पष्ट दिसला. पुढे 1970 च्या सुमारास, पक्षाघाताच्या बाबतीतही रक्तदाबाचाच वाटा मोठा असल्याचे याच नोंदींतून पुढे आले. खालचा आकडा तेवढा महत्त्वाचा, वरचा वयानुसार वाढायचाच, ही समजूतही या आकड्यांपुढे टिकली नाही. अर्थात दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर औषधांच्या चाचण्यांनी दिले. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत साठीपुढचे असे लोक घेतले होते की ज्यांचा वरचा आकडा 160 किंवा अधिक, पण खालचा 90 च्या आत होता. औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 36 टक्क्यांनी कमी झाले. आपला 156 त्या रेषेच्या किंचित खाली असला तरी आज 140 च्या पुढचा दाब उच्चच मानतात. ‘त्रास नाही’ यावर विसंबू नका. बहुतेकांना तो नसतोच.

आता या नोंदींवरून बसवलेल्या गणिताने काढलेल्या 14 टक्क्यांविषयी. वय, लिंग, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान आणि मधुमेह या बाबतींत आपल्यासारखी शंभर माणसे घेतली, तर दहा वर्षांत त्यांपैकी सुमारे 14 जणांना हृदयविकार गाठेल, एवढाच त्याचा अर्थ. त्या चौदांत आपण असू की उरलेल्या शहाऐंशींत, हे तो सांगत नाही; त्याला जन्मपत्रिका समजू नये. शिवाय मूळचे सहभागी जवळजवळ सगळे गोरे होते. धोक्याची कारणे सगळीकडे तीच असतात, हे 52 देशांत झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने दाखवले. टक्केवारी मात्र जशीच्या तशी उचलता येत नाही. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका तुलनेने कमी वयात येतो, त्यामुळे फ्रॅमिंगहॅमचे गणित आपल्याला धोका कमीच दाखवण्याची शक्यता अधिक. परका हिशेब म्हणून आपण तो बाजूला सारू पाहत आहात, पण परकेपणाची ही चूक आपल्या सोयीची नाही. घरी पाच मिनिटे शांत बसून, सकाळ-संध्याकाळ असे आठवडाभर मोजलेले आकडे लिहून ठेवा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : माझ्या पतींची नाडी अनियमित चालते. डॉक्टरांनी पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली आहे. दोष हृदयात असताना भीती मेंदूची का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तेथे साचून राहते, त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूच्या धमनीत अडकू शकते. झडपांचा संधिवाती आजार नसलेल्या अशा रुग्णांतही पक्षाघाताचा धोका पाचपटीहून अधिक असतो, हे 1978 मध्ये फ्रॅमिंगहॅमच्याच नोंदींवरून दाखवले गेले. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नये.

प्रश्न : असा दीर्घकाळचा अभ्यास महाराष्ट्रात झाला आहे का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : झाला आहे, आणि तो जन्माच्याही आधीपासून सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आहार आणि वजन गर्भधारणेपूर्वीपासून नोंदवले. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, म्हणजे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या 3.5 किलोच्या बाळांपेक्षा बरीच लहान होती. परंतु ती स्नायूंनी जितकी कमी होती तितकी चरबीने नव्हती. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते आणि त्याची सुरुवात गर्भातच होत असावी, हा विचार त्यातून पुढे आला. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3 होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के भरली.